सरांच्या ट्रंकेतली पुंगळी

1994 साली आपल्या एनसीसी तुकडीच्या फायरिंगच्या दिवशी एक पुंगळी कमी भरली, हे आपल्या बॅचला आठवत असेल. झाडलेल्या प्रत्येक गोळीची रिकामी पुंगळी मोजून परत द्यावी लागे. सरांनी आम्हाला अंधार पडेपर्यंत गवतात शोधायला लावले. पुंगळी मिळाली नाही. सर म्हणजे माझे बाबा. त्या रात्री आमच्या घरी कोणी कोणाशी बोलले नाही.

बाबा गेल्या वर्षी गेले. त्यांची पत्र्याची ट्रंक आवरताना तळाशी खाकी मोज्यात गुंडाळलेली एक पितळी पुंगळी निघाली. माझ्या छातीत धस्स झाले. ती हीच असेल तर?

तोंड उघडे आणि आत रिकामे, म्हणून हातात घेतली. गोळीसकट काडतूस निघाले असते, तर हात न लावता पोलिसांना कळवले असते. जुन्या दारूचा भरवसा नसतो, शिवाय 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार विनापरवाना जिवंत काडतूस बाळगणे गुन्हा आहे.

मग नीट पाहिले. आपल्या .22 रायफलची पुंगळी जेमतेम दीड सेंटीमीटरची. तिला मधोमध वेगळी टोपी नसते, पिन तिच्या कडेवर आपटते. ही साडेपाच सेंटीमीटरहून लांब, बुडाच्या मधोमध टोपी आणि टोपीवर खळगा. म्हणजे थ्री नॉट थ्री.

बुडावर के एफ ही इंग्रजी अक्षरे आणि 7, 62 हे आकडे होते. के एफ म्हणजे 1869 मध्ये सुरू झालेला खडकीचा दारूगोळा कारखाना. 7 म्हणजे या काडतुसाचा सातवा नमुना, इंग्रजांनी 1910 मध्ये स्वीकारलेला. 62 हे बनवल्याचे साल.

1962 मध्ये चीनविरुद्ध आपले जवान थ्री नॉट थ्री घेऊनच लढले. त्या पराभवानंतर 1963 मध्ये कॉलेजांत एनसीसी सक्तीची झाली, 1968 मध्ये पुन्हा ऐच्छिक झाली. बाबा 1963 साली कॉलेजात होते. ट्रंकेत त्यांचे त्या वर्षीच्या शिबिराचे प्रमाणपत्रही होते.

म्हणजे आपली पुंगळी सरांनी ठेवली नव्हती. पण विशीतल्या त्या कॅडेटने आपली एक पुंगळी जमा केली नव्हती, हेही खरे.

त्या संध्याकाळी कोणीतरी म्हणाले होते, "सर, सगळ्यांचे खिसे तपासा." सर म्हणाले, "खिसे नाही तपासायचे. गवतात शोधा." तेव्हा मला त्यांचा रागच आला होता. आता येत नाही.

आपल्यापैकी कोणाकडे ती छोटी पुंगळी असेल, तर मेळाव्याला घेऊन या. ही मोठी मी आणते आहे.