बुद्धिबळांचा अभ्यास आणि गणकयंत्राची निवड

मुंबईंत १८१४ सालीं तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांच्या बुद्धिबळांवरील संस्कृत ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झालें. पटावरील बिकट स्थिति मांडून अभ्यासकाची बुद्धि तीक्ष्ण करावी, हा त्याचा मुख्य उद्देश होता. अशी विद्या ज्यास हवी असेल त्यास त्या काळीं एक तर ग्रंथ मिळवावा लागे, नाहीं तर जाणता गुरु गांठावा लागे. आणि हीं दोन्हीं बहुधा मोठ्या शहरांतच सांपडत. राजगड-तोरण्याच्या परिसरांतील विंझरसारख्या गांवीं एखादें तल्लख मूल निपजलें, तरी त्याच्या खेळास ओसरीवरच्या पटापलीकडे वाट मिळणें कठीणच होतें.

हें अंतर तोडणारें गणकयंत्र घेतांना किती द्रव्य वेंचावें, असा प्रश्न आज पुष्कळ पालकांस पडतो. यंत्र जितकें महाग तितकें चांगलें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. इतिहास मात्र निराळें सांगतो.

संभाव्य डावांची संख्या एकावर एकशेंवीस शून्यें देण्याइतकी प्रचंड असल्यामुळें कोणतेंहि यंत्र ते सर्व मोजूं शकणार नाहीं, असें क्लॉड शॅनन यांनीं १९५० सालीं दाखविलें. कांहीं चालींपर्यंत पाहून पुढील स्थितीचें मोल अजमावणें यंत्रासहि भाग आहे. म्हणजे त्यास वेग आणि पारख असे दोन गुण लागतात. १९९७ सालीं न्यूयॉर्क येथें जगज्जेते गॅरी कास्पारॉव्ह यांस ३॥ विरुद्ध २॥ गुणांनीं हरविणाऱ्या 'डीप ब्लू'चा भर वेगावर होता. बुद्धिबळांसाठींच घडविलेल्या ४८० चिप्सच्या बळावर तें सेकंदास सुमारें वीस कोटि स्थिति तपाशीत असे. पुढें पारखहि सुधारली. २०२० सालीं 'स्टॉकफिश' या प्रोग्रॅमनें कृत्रिम मज्जाजालाची पद्धति स्वीकारली, व तीहि साध्या प्रोसेसरवर चालते. हा प्रोग्रॅम विनामूल्य मिळतो. एकदां उतरवून घेतला कीं त्यास इंटरनेट लागत नाहीं. आणि घरगुती लॅपटॉपवरहि तो कोणाहि मनुष्यापेक्षां सरस खेळतो.

तेव्हां चार-सहा कोअरचा प्रोसेसर व आठ ते सोळा जीबी रॅम असली म्हणजे पुरे. महागडें ग्राफिक्स कार्ड 'लीला'सारख्या प्रोग्रॅमसच उपयोगी पडतें. राजे धरून पांच मोहऱ्यांपर्यंतच्या सर्व अंतिम स्थितींचीं अचूक कोष्टकें एका जीबींत मावतात. सहा मोहऱ्यांस सुमारें दीडशें जीबी लागतात, आणि सातांस सोळा टीबींहून अधिक. शिकणाऱ्यास पांचांचीं पुष्कळ झालीं. जेथें विजेचा भरंवसा नाहीं, तेथें चांगल्या बॅटरीचा लॅपटॉप घेणें शहाणपणाचें.

२०२५ सालीं बाटुमी येथें नागपूरच्या दिव्या देशमुख यांनीं कोनेरू हंपी यांस नमवून महिलांचा विश्वचषक जिंकला. यंत्रें दोघींनाहि सारखींच उपलब्ध होतीं. पटावर बसल्यावर मात्र दोघींनाहि त्यांची मदत नव्हती. ग्रंथाच्या शेवटीं छापलेलें उत्तर आधींच पाहणाऱ्यास जसें कोडें सुटत नाहीं, तशीच येथील गत आहे. म्हणून मुलानें खेळलेला डाव प्रथम स्वतः तपासावा, आपली चूक कोठें झाली असें वाटतें तें वहींत लिहावें, आणि मगच यंत्र उघडावें. पालकांनीं यंत्रावर जादा खर्चावयाची रक्कम वांचवून मुलास स्पर्धांना पाठविलें, तर ती अधिक सत्कारणीं लागेल.