माजघरापर्यंत पोहोचलेला रेडिओ

घरकाम करता करता रेडिओ ऐकण्याची सवय विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी घरांत इतकी सार्वत्रिक झाली की, त्याआधीच्या तीन-चार दशकांत रेडिओचा आणि घरकामाचा एकमेकांशी फारसा संबंध नव्हता, हे आता सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. प्रक्षेपणाचा इतिहास, म्हणजे केंद्रे, त्यांचे संचालक, गाजलेले कार्यक्रम आणि निवेदक यांची हकिकत, बऱ्यापैकी लिहिली गेली आहे. मात्र तो आवाज घरात कोणत्या खोलीपर्यंत, किती स्वच्छ आणि कुणाच्या कानांवर पडत होता, हा प्रश्न मागे राहिला. बैठकीत निवांत बसलेल्या श्रोत्याला खरखर सुरू झाली की उठून सुई हलवता येते. पण कणीक मळणाऱ्या, पापड लाटणाऱ्या किंवा विड्या वळणाऱ्या व्यक्तीचे हात गुंतलेले असतात, आणि म्हणून तिच्या लेखी स्वच्छ आवाज म्हणजे एकदा लावल्यावर पुन्हा हात लावावा न लागणारा आवाज. या कसोटीवर पाहिले, तर रेडिओ-श्रवणाच्या इतिहासातील टप्पे नेहमीच्या कालपटापेक्षा बरेच वेगळे दिसू लागतात.

२३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन झाले, तेव्हा त्याच्या प्रक्षेपकाची शक्ती अवघी दीड किलोवॉट होती आणि त्याचा भरवशाचा पल्ला सुमारे ५० किलोमीटर मानला जाई. या पल्ल्यातही ऐकणे हे एक स्वतंत्र कामच होते. सर्वांत स्वस्त साधन म्हणजे क्रिस्टल सेट. गॅलेना नावाच्या शिशाच्या खनिजाच्या खड्यावर बारीक तारेचे टोक हलके टेकवून लहरीतील ध्वनी वेगळा काढणारे हे यंत्र विजेशिवाय चालत असे, परंतु त्याचा आवाज कानाला लावलेल्या हेडफोनपुरताच असे आणि जरासा धक्का लागला तरी तारेचे टोक खड्यावरून सरकून सारे बंद पडे. अशा यंत्राला जखडलेल्या माणसाला दुसरे कोणतेही काम करणे शक्य नव्हते. व्हॉल्व्हचा, म्हणजे तापणाऱ्या काचेच्या नळ्यांनी लहर वाढवून ध्वनिक्षेपक चालवणारा सेट यापेक्षा पुष्कळ सोयीचा असला, तरी त्याची किंमत शेकडो रुपये होती आणि वर्षाला १० रुपयांचे लायसन्स वेगळे काढावे लागे. १९३० च्या मार्चमध्ये कंपनीचे दिवाळे वाजले आणि एप्रिलपासून सरकारने प्रक्षेपण आपल्या हाती घेतले. त्या वर्षाच्या अखेरीस सबंध हिंदुस्थानातील लायसन्सधारक आठ हजारांच्याही आत होते.

१९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव रूढ झाल्यानंतर आणि विशेषतः स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात मध्यमवर्गीय घरांत व्हॉल्व्ह सेट येऊ लागले, ते आले बैठकीच्या खोलीत, आणि त्याची कारणे प्रतिष्ठेइतकीच तांत्रिकही होती. सेटला विजेचा प्लग हवा असे, तर अनेक घरांत तो एखाद्याच खोलीत असे. गच्चीवर किंवा कौलांच्या वर दोन चिनी मातीच्या इन्शुलेटरांमध्ये ताणलेली तांब्याच्या जाळीची पट्टी म्हणजे एरियल, आणि तिच्यापासून खिडकीतून आत घेतलेली तार जितकी आखूड तितके बरे. दुसरी तार जमिनीत जाई. काही जण ती नळाच्या लोखंडी पाइपला बांधत, तर काळजी घेणारे लोक मीठ आणि कोळसा भरलेल्या खड्ड्यात पत्रा पुरून तिला जोडत, कारण अर्थिंग चांगले असेल तर गुणगुण कमी होऊन आवाज भरीव येतो. अशा दोन तारांनी बांधलेले खोके एकदा ज्या कोपऱ्यात बसले तिथेच राही. काही सेटांवर हिरवा ‘मॅजिक आय’ असे. स्टेशन नेमके लागले की त्याच्या उजेडाची पाकळी मिटत येई, आणि ती मिटवण्याचा अधिकार बहुधा घरातल्या कर्त्या पुरुषाकडे असे. मुंबई केंद्राचे दुपारी लागणारे ‘वनिता मंडळ’ ज्या स्त्रियांसाठी होते, त्यांच्यापैकी अनेकींना ते ऐकण्यासाठी हातातले काम घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर यावे लागे किंवा दाराआडून जेवढे कानी पडेल तेवढ्यावर भागवावे लागे, ही विसंगती कार्यक्रम आखणाऱ्यांच्या फारशी लक्षात आलेली दिसत नाही.

मध्यम लहरींचा, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या ‘मीडियम वेव्ह’चा, स्वभाव समजून घेतल्याशिवाय महाराष्ट्रातील श्रवणाचा भूगोल उलगडत नाही. या लहरी दिवसा जमिनीला धरून पसरतात आणि जमीन ओलसर वा खारट असेल तर त्या कमी क्षीण होतात. समुद्राच्या पाण्यावरून त्या दूरवर जातात, तर कोरड्या खडकावरून जाताना लवकर विझतात. त्यामुळे मुंबईचा आवाज कोकण किनाऱ्याने खाली उतरण्यास निसर्गाची अनुकूलता होती, आणि घाटावर चढताना मात्र सह्याद्री व दख्खनचा बेसॉल्ट आडवा येत होता. सूर्यास्तानंतर चित्र पालटते. साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवरील, दिवसा या लहरी शोषून घेणारा विद्युतभारित थर रात्री विरळ होतो आणि वरच्या थरांवरून परावर्तित झालेल्या लहरी शेकडो किलोमीटरांवर उतरतात. पण त्याच वाटेने दूरची इतर केंद्रेही येतात, एकमेकांवर चढतात, शीळ घातल्यासारखा आवाज होतो आणि गाणे मध्येच बुडून पुन्हा वर येते. म्हणजे दूरचे केंद्र रात्री, निजानीज होण्याच्या वेळेस ऐकू येई, आणि सकाळ-दुपारच्या कामाच्या वेळी ते जवळजवळ नाहीसे होई. वैशाख-ज्येष्ठातील वळवाच्या दिवसांत विजांचा कडकडाट तर दूर कुठेतरी होत असला तरी सेटमध्ये उमटे, आणि ढग जवळ आले की एरियलची तार काढून ठेवणे भाग पडे.

या दृष्टीने नागपूर (१९४८), पुणे (१९५३) आणि सांगली (१९६३) या केंद्रांचे महत्त्व त्यांच्या सांस्कृतिक कार्याइतकेच त्यांच्या जवळपणात आहे. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झाले आणि वर्षभर आठवड्याला एक या क्रमाने ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते सुधीर फडके यांच्या संगीतात प्रसारित झाली, तेव्हा ती पुण्यातील घरांत सकाळच्या उजेडात ठसठशीत ऐकू येत होती. केंद्र मुंबईतच राहिले असते, तर घाटावरच्या श्रोत्याला सकाळच्या प्रहरी असा आवाज मिळणे कठीण होते. या मालिकेच्या लोकप्रियतेचे श्रेय कवी आणि संगीतकार यांना जाते हे निर्विवाद, पण थोडे श्रेय पुण्याच्या स्थानिक प्रक्षेपकाच्या पदरात टाकायला हरकत नाही.

नेमक्या याच वर्षांत लोकांना सर्वांत हवी असलेली गोष्ट, म्हणजे हिंदी चित्रपटगीते, सर्वांत अवघड लहरींवर जाऊन बसली. १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री असलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे शास्त्रीय संगीताचे कट्टर पुरस्कर्ते होते, त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभी आकाशवाणीवरील चित्रपटगीते जवळजवळ दिसेनाशी झाली, आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. सिलोनकडे महायुद्धाच्या काळात दोस्त सैन्यासाठी उभारलेला शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपक होता. लघुलहरी, म्हणजे ‘शॉर्ट वेव्ह’, आकाशातील थरावरून उडी घेत हजारो किलोमीटर जातात. परंतु त्या थराची उंची सतत बदलत असल्याने आवाज लाटांसारखा वरखाली होतो आणि डायलवरची सुई केसभर सरकली तरी स्टेशन निसटते. डिसेंबर १९५२ पासून बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ ऐकणाऱ्या घरांत कुणीतरी सुईवर हात ठेवूनच बसलेले असे. ही करमणूक सर्व कामे आटोपून ऐकण्याची होती, काम करता करता ऐकण्याची नव्हती. आकाशवाणीने ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करून गाण्यांना पुन्हा जागा दिली, पण तीही प्रथम मुंबई आणि मद्रास येथील लघुलहरी प्रक्षेपकांवरूनच. म्हणून १ नोव्हेंबर १९६७ ही तारीख, ज्या दिवशी मुंबई-पुणे-नागपूर केंद्रांवर विविध भारतीची जाहिरातींची सेवा सुरू झाली, घरगुती श्रवणाच्या इतिहासात अधिक वजनाची ठरते. कारण त्या सेवेबरोबर चित्रपटगीते या शहरांत जवळच्या मध्यम लहरींवर, दिवसाउजेडी आणि सुई न हलवता मिळू लागली.

याच सुमारास ट्रान्झिस्टर स्वस्त झाला होता. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या या छोट्या अर्धवाहक घटकाने तापणाऱ्या नळ्या, प्लग आणि गच्चीवरची जाळी या तिन्हींतून रेडिओची सुटका केली. मध्यम लहरींसाठी त्याच्या पोटात फेराइटची, म्हणजे लोहसंयुगाच्या चुंबकीय मातीची, कांडी आणि तिच्यावर गुंडाळलेली तार असते. तीच त्याची एरियल. कांडीची लांब बाजू केंद्राकडे आली की आवाज भरतो, टोक केंद्राकडे आले की तो विझतो. मुंबईचे केंद्र हवे असलेल्या पुण्यातील घरात सेटचे तोंड वायव्येला किंवा त्याच्या बरोबर उलट केले की काम भागे, आणि हे तंत्र कुणी शिकवल्याशिवाय, फळीवरचा रेडिओ थोडा थोडा वळवून पाहत, बायकांनी आत्मसात केले. त्याच कांडीचा एक कमी माहीत असलेला फायदा असा की, नको असलेल्या खरखरीच्या दिशेला टोक करून ठेवले तर ती खरखरही बरीच दबते. शेल्फवर, खुंटीला, चामड्याच्या कव्हरात, प्रसंगी उन्हात तापवून आणखी दोन दिवस ताणलेल्या सेलांवर हा रेडिओ माजघरात आला. लिज्जत पापडाचा गृहउद्योग १९५९ मध्ये गिरगावात सुरू झाला होता आणि त्यात सभासद स्त्रिया पीठ घरी नेऊन पापड लाटून आणत. सिन्नरकडच्या विड्या वळणाऱ्या, शिवणयंत्रावर ब्लाउज शिवणाऱ्या अशा अनेकींच्या कामात हात आणि डोळे गुंतलेले आणि कान मोकळे, हीच स्थिती असे. ‘कामगार सभा’ आणि ‘आपली आवड’ यांसारख्या कार्यक्रमांचा श्रोतृवर्ग मोजताना या न उठणाऱ्या श्रोत्यांचा वेगळा विचार व्हायला हवा होता.

रेडिओ माजघरात स्थिरावतो न स्थिरावतो तोच माजघर स्वतः गोंगाट करू लागले. मार्कोनीचे पहिले प्रक्षेपक ठिणगीवर चालत असत, कारण विजेची प्रत्येक ठिणगी सर्व लांबींच्या लहरी एकदम फेकते. मिक्सर आणि विजेवरील शिवणयंत्राच्या मोटारीत कार्बनचे ब्रश फिरत्या तांब्यावर घासत असताना नेमके हेच घडत असते, म्हणजे चटणी वाटताना घरात एक लहानसा ठिणगी-प्रक्षेपकच चालू असतो. ट्यूबलाइटमधील वायू सेकंदाला शंभर वेळा विझून पेटतो आणि गुणगुण सोडतो. पंख्याचा जुना, तारेच्या वेटोळ्यांचा जाडजूड रेग्युलेटर तापत असे पण गप्प असे. त्याच्या जागी आलेला लहान इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लहर मध्येच कापून वेग कमी करतो आणि त्या प्रत्येक कापाचा भणभणाट मीडियम वेव्हवर ऐकू येतो. विजेच्या उपकरणांतील अशा उपद्रवाला मर्यादा घालण्यासाठी एक आंतरराष्ट्रीय समिती १९३४ पासूनच काम करीत आली असली, तरी सामान्य गृहिणीपुढचा उपाय साधा होता: वाटण निवेदन चालू असताना उरकायचे आणि गाण्याच्या वेळी यंत्र बंद ठेवायचे.

एफएम प्रक्षेपणाने या उपद्रवावर खराखुरा इलाज केला. ठिणगीचा आघात लहरीच्या उंचीवर होतो. अमेरिकन अभियंता एडविन आर्मस्ट्राँग याने १९३० च्या दशकात सिद्ध केलेल्या या पद्धतीत ध्वनी लहरीच्या उंचीत न भरता तिच्या कंपनसंख्येतील चढउतारात भरला जातो, आणि ग्राहक यंत्र उंचीतील फरक छाटून टाकते. मिक्सर चालू असतानाही गाणे स्वच्छ, हा अनुभव मुंबईत १९९० च्या दशकात सर्वसामान्य झाला; १९९३ मध्ये मुंबई आणि दिल्लीच्या एफएम वाहिन्यांवरील वेळ खासगी निर्मात्यांना भाड्याने मिळू लागल्यानंतर तर या लहरींना मोठाच श्रोतृवर्ग लाभला. परंतु सुमारे तीन मीटर लांबीच्या या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा ज्या कारणाने चढवावा लागला त्याच कारणाने डोंगराआडच्या खोऱ्यांत एफएम पोहोचत नाही, आणि उंच इमारतींच्या दाटीत भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींना मारक ठरून रेडिओ हातभर सरकवला तरी आवाज फाटतो वा जुळतो. ओढून लांब करायची दांडी साधारण पाऊण मीटरची का असते, याचेही उत्तर याच लांबीत आहे: ती लहरीच्या चतुर्थांशाएवढी असते.

मीडियम वेव्ह मात्र घरातून हद्दपार होत गेली. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, लॅपटॉपचे अडॅप्टर आणि इन्व्हर्टर हे सगळे वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून आपले काम करतात आणि त्या उघडझापीचे पडसाद नेमके मध्यम लहरींच्या पट्ट्यात पडतात. २०२० मध्ये कचेऱ्या घरी आल्यावर या यंत्रांची संख्या एकेका खोलीत वाढली. भारनियमनाच्या वर्षांत खेड्यापाड्यांतून आलेला अनुभव याचा उलटा पुरावा आहे: वीज गेली की पंखा-दिव्यांबरोबर भणभणही जाई आणि सेलवरच्या ट्रान्झिस्टरवर पुण्याचे ७९२ किलोहर्ट्झ किंवा मुंबईच्या अस्मिता वाहिनीचे ५५८ किलोहर्ट्झ एकदम निवळून येई. दरम्यान रेडिओ मोबाइलमध्ये शिरला, तिथे एफएमची एरियल म्हणजे कानात घातलेल्या इअरफोनची तार; त्यामुळे ऐकणारी व्यक्ती पुन्हा एकदा, क्रिस्टल सेटच्या काळातल्यासारखी, तारेने यंत्राला बांधली गेली. पुढे बिनतारी इअरफोन आले, फोनची इअरफोनची खाच गेली, आणि एरियलच न उरल्याने अनेक फोनांतला एफएमही गेला. आता तीच केंद्रे इंटरनेटवरून येतात. त्यात खरखर नसते, मात्र आवाज काही सेकंद उशिरा पोहोचतो, आणि बातम्यांआधीच्या ठोक्यांवर स्वयंपाकघरातले घड्याळ लावण्याची जुनी पद्धत त्यामुळे बंद पडली आहे.