भट्टी, भाता आणि कुणी न लिहिलेलं छप्पर

सुरी किंवा कोयता स्वतःच्या हातानं घडवायचा, आणि त्यासाठी घरीच गॅसची छोटी भट्टी करायची, ही हौस सध्या बऱ्याच जणांना आहे. आमच्या कोल्हापुरात त्यासाठी सामान शोधत लांब जावं लागत नाही. उद्यमनगरात जाड पाइपचा तुकडा मिळतो, भंगारात ट्रकचे जुने पाटे मिळतात, आणि शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीवाल्यांना उष्णतारोधक विटा नवीन नाहीत. पाइपला आतून सिरॅमिक फायबरचं अस्तर, बाजूनं बर्नर, झाली भट्टी. ती सुरक्षित कशी करायची, हा प्रश्न वरवर इंजिनिअरिंगचा आहे. मला तो इतिहासाचाही वाटतो, कारण आपली साधनं काय नोंदवतात आणि काय गाळतात, हे त्यात फार स्पष्ट दिसतं.

सुरुवात नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंडपासून करू. १९७८ ते १९८० या काळात शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी तिथं उत्खनन केलं. महापाषाणयुगीन वस्तीत लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. सोबत मळी आणि हवा फुंकायच्या मातीच्या नळ्या. आता आपण विज्ञानवाले आहोत, तर आत काय घडत होतं ते बघू. कोळसा अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हा वायू खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि लोखंड मोकळं होतं. म्हणजे भट्टीतलं खरं काम हाच वायू करतो. रंग नाही, वास नाही, आणि माणसाच्या रक्तातही तो ऑक्सिजनची जागा अशीच बळकावतो.

गावातला लोहार खनिज गाळत नाही, तयार लोखंड तापवून घडवतो. पण त्यालाही आगीचा गाभा हवेला थोडा भुकेलाच ठेवावा लागतो. भाता जास्त चालवला की लोखंडावर खपल्या धरतात आणि धारेतला कार्बन जळून जातो. मग कितीही पाणी द्या, धार टिकत नाही. चांगली आग म्हणजे थोडी अपुरी आग, आणि अपुरी आग म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. यातून सुटका नाही. विषारी वायू हा खराब भट्टीचा दोष नसून चांगल्या भट्टीचाच भाग आहे, हे नवशिक्यांना कुणी सांगत नाही.

मग इतक्या पिढ्या लोहार जगले कसे? उत्तर भट्टीत नाही, भट्टीच्या भोवती आहे. चार खांब, वर छप्पर, बाजू मोकळ्या. छप्पर उन्हापावसासाठी तर होतंच, पण सावलीसाठीही होतं, कारण तापलेल्या लोखंडाचा रंग भर उन्हात वाचता येत नाही. (त्या रंगांना अंशांचे आकडे फ्रान्सच्या पूये या शास्त्रज्ञानं १८३६ मध्ये लावले. लाली दिसू लागते ती सुमारे ५२५ अंशांना. लोहाराचं काम त्याआधीही अडलं नव्हतं.) बाजू मोकळ्या, कारण बैल, नांगर, गिऱ्हाइकं सगळी तिथंच उभी राहायची. घिसाडी लोकांना तर छप्परही नसायचं. रस्त्याकडेला जमिनीत आगटी, एकजण भाता चालवणार आणि घण बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या हातात. वारा आपोआप खेळायचा. ही सुरक्षितता कुणी ठरवून केलेली नव्हती, म्हणूनच ती कुणी लिहूनही ठेवली नाही.

आता लिखित साधनांकडे या. १७९४ मध्ये मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना 'वुट्झ' नावाच्या भारतीय पोलादाचे नमुने पाठवले. 'वुट्झ' हा कन्नड 'उक्कू'चा अपभ्रंश असं सामान्यतः मानलं जातं. सीमेपलीकडं बेळगाव-धारवाडकडं हा शब्द आजही समजेल. पुढच्या वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्या नमुन्यांवर शोधनिबंध वाचला, आणि त्याच्या शीर्षकातच हे पोलाद मुंबईत तयार होतं असं म्हटलं. प्रत्यक्षात मुंबई हे पाठवण्याचं बंदर. पोलादाच्या भट्ट्या दक्षिणेत, आतल्या मुलखात होत्या. संशोधनात उतरणाऱ्यांनी हे शीर्षक लक्षात ठेवावं. शोधनिबंध रॉयल सोसायटीचा असला तरी वस्तू जिथून आली आणि जिथं झाली, यातला फरक त्यात पुसला जाऊ शकतो.

पुढं जेम्स स्टोडार्ट हे सुऱ्या-कात्र्या आणि शस्त्रक्रियेची हत्यारं करणारे कारागीर आणि मायकेल फॅरडे यांनी वुट्झसारखं पोलाद करायचे प्रयोग केले. फॅरडे स्वतः लोहाराचा मुलगा. त्यांच्या विश्लेषणात वुट्झमध्ये ॲल्युमिना निघाला, तो निष्कर्ष पुढं टिकला नाही. पण मला खटकतं ते वेगळंच: या सगळ्या लिखाणाचा विषय पोलादाचा तुकडा आहे. तो ज्यानं केला, तो कुठं बसला होता, धूर कुठून जात होता, याची चौकशी जवळपास नाही. आपल्याकडची साधनंही फार वेगळी नाहीत. त्रिं. ना. आत्रे यांच्या १९१५ च्या 'गावगाड्या'त लोहार भेटतो तो बलुतेदार म्हणून, काम आणि हक्काच्या हिशेबात. त्या पुस्तकाचा प्रश्नच तो होता, त्यामुळं तक्रार नाही. पण छप्पर तिथूनही निसटतं.

गंमत म्हणजे पिअर्सन निबंध वाचत होते तेव्हा कार्बन मोनॉक्साइड हा वेगळा वायू आहे हेच रसायनशास्त्रात स्पष्ट नव्हतं. ते विल्यम क्रुकशँक यांनी १८०० च्या सुमारास दाखवलं. तो रक्तातल्या ऑक्सिजनची जागा घेतो हे क्लोद बर्नार यांनी १८५० च्या दशकात, आणि १८९० च्या दशकात जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी स्वतःवर प्रयोग करून खाणींसाठी इशारा देणारे उंदीर आणि छोटे पक्षी सुचवले. म्हणजे नायकुंडचा कारागीर ज्या वायूवर जगत होता, त्याचं नाव कळायला अडीच हजार वर्षं लागली.

आता आपली गॅस भट्टी. तोंडातून बाहेर येणारी पिवळट-निळी ज्वाळा दिसली की आत हवा कमी आहे. खपल्या कमी पडाव्यात म्हणून अनेकजण मुद्दाम ती तशीच ठेवतात. तोच जुना नियम, तोच वायू. फरक इतकाच, की भट्टी आता गॅरेजमध्ये किंवा जिन्याखालच्या खोलीत आली आहे. यंत्र आपण उचललं आणि मोकळ्या बाजू तिथंच ठेवल्या. पंखा लावून किंवा एक खिडकी उघडून ते भरून निघत नाही. अंगणात किंवा उघड्या पत्र्याच्या शेडखालीच भट्टी लावावी, आणि जवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असावा. डोकं जड झालं तर उन्हाला दोष न देता आधी गॅस बंद करून बाहेर पडावं.

बाकीचे धोके कोळशाच्या भट्टीला नव्हतेच, त्यामुळं परंपरेत त्यांचं उत्तर शोधू नये. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत आणि खड्ड्यात साठतो. म्हणून सिलिंडर उभा, ज्वाळेपासून लांब, आणि प्रत्येक जोड साबणाच्या पाण्यानं तपासलेला. शेगडीचा घरगुती रेग्युलेटर कमी दाबाचा असतो. त्यात फेरफार करू नये, बर्नरला जुळणारा जास्त दाबाचा रेग्युलेटर आणि त्याच प्रतीचा पाइप घ्यावा. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप वापरू नये, तापल्यावर निघणाऱ्या धुरानं ताप भरतो. सिरॅमिक फायबर कापताना मास्क हवाच, आणि बसवल्यावर त्यावर उष्णतारोधक सिमेंटचा लेप. उघडं राहिलेलं फायबर वारंवार तापून जुनं झालं की त्याची धूळ फुप्फुसाला आणखी घातक होते.

यात एक करण्यासारखं काम शिल्लक दिसतं. हातात मावणारा कार्बन मोनॉक्साइड मीटर घ्यायचा, रस्त्याकडेच्या घिसाड्याच्या भट्टीजवळ भाता चालवणारा जिथं बसतो त्या उंचीवर त्यांच्या परवानगीनं वाचनं घ्यायची, वाऱ्याची दिशा लिहायची, आणि तशीच वाचनं चार खांबांच्या छपराखालीही घ्यायची. भट्टी सापडली की उत्खननात आजूबाजूच्या खांबांचे खड्डे नीट शोधले जातात का, हेही जुने अहवाल काढून बघता येईल.