नाव ठरते, मूळ सापडते

पाणिनीय परंपरेतला धातुपाठ, लिनियसचा १७५३ सालचा ‘स्पीशीज प्लँटारम’ आणि डोनाल्ड क्नूथ यांच्या संगणकशास्त्रावरील ग्रंथमालेचा १९६८ सालचा पहिला खंड ही पुस्तके ग्रंथालयात कधी शेजारी लागत नाहीत. विषय वेगळे, काळही वेगळे. तरी तिघांपुढचा पेच एकच होता: वस्तू अगणित, स्मरण मर्यादित. म्हणून तिन्ही ग्रंथांत वस्तूंना आटोपशीर नावे किंवा खुणा मिळाल्या आणि त्या खुणांची मुळांपासून फांद्यांपर्यंत मांडणी झाली. पण या दोन कामांची जात निराळी आहे. नाव माणसे आपसांत ठरवतात. मूळ पुराव्याने दाखवावे लागते. या विद्यांचा इतिहास पाहिला, तर या दोहोंची गल्लत झाली तेव्हा विद्वान फसले आणि ती सुटली तेव्हा शास्त्र पुढे सरकले, असे दिसते.

धातुपाठात सुमारे दोन हजार धातू, म्हणजे क्रियापदांची मुळे, दहा गणांत लावले आहेत. ‘करणे’ या अर्थाचा धातू तिथे नुसता ‘कृ’ असा येत नाही, ‘डुकृञ्’ असा येतो. शेवटचा ञकार सांगतो की हा धातू उभयपदी आहे, म्हणजे ‘करोति’ आणि ‘कुरुते’ ही दोन्ही रूपे होतात. आरंभीचा ‘डु’ एका विशिष्ट प्रत्ययाची वाट मोकळी करतो. ‘कृत्रिम’ हा शब्द त्याच वाटेने सिद्ध होतो. या खुणांना, म्हणजे अनुबंधांना, स्वतःचा अर्थ नाही आणि प्रत्यक्ष बोलण्यात ते ऐकूही येत नाहीत, कारण काम झाले की त्यांचा लोप करायचा असा पाणिनीचाच नियम आहे. खूण केवळ व्यवहारासाठी असते, हे वैयाकरणांना इतके स्वच्छ उमगलेले होते. त्यांच्या लेखी धातूसुद्धा विश्लेषणातून हाती आलेला घटक होता. फार पूर्वी कोणी एके काळी लोक नुसत्या धातूंनीच बोलत असत, असा दावा त्यांनी केला नव्हता.

आद्य बोलीचा हा अर्थ एकोणिसाव्या शतकातल्या युरोपने धातूंना चिकटवला. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत १७८६ साली विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या धातूंमधले व व्याकरणातले साम्य एका समान उगमाकडे बोट दाखवते असे सांगितले. त्यातून तौलनिक भाषाशास्त्र उभे राहिले, आणि त्याबरोबर धातू म्हणजे मानवाची आद्य बोली अशी समजूतही काही काळ बळावली. विल्यम ड्वाइट व्हिटनी यांनी १८८५ साली संस्कृत धातूंवर पुस्तक काढले तेव्हा उलटी अडचण पुढे आली: धातुपाठातल्या निम्म्याहून अधिक धातूंचा वापर वाङ्मयात आढळेना. व्हिटनी यांनी अशा धातूंवर अविश्वास दाखवला. पूर्वी मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवलेल्या गेओर्ग ब्यूलर यांनी १८९४ साली उत्तर दिले की यातले पुष्कळ धातू पाली, प्राकृत आणि आजच्या देशी भाषांतून जिवंत आहेत. पुढे पुण्यात ग. बा. पळसुले यांनी वेगवेगळ्या परंपरांचे धातुपाठ एकमेकांशी ताडून पाहिले आणि १९५५ साली त्यांची तौलनिक सूची डेक्कन कॉलेजकडून प्रसिद्ध झाली. या साऱ्या वादाचे सार इतकेच की यादीत नोंद असणे हा त्या धातूच्या वापराचा पुरावा नव्हे, आणि ग्रंथांत न सापडणे हा त्याच्या अभावाचाही पुरावा नव्हे. वापर निराळा शोधावा लागतो.

वनस्पतिशास्त्रात हाच धडा दुसऱ्या बाजूने मिळाला. लिनियसच्या आधी वनस्पतीचे नाव म्हणजे तिचे वर्णनच असे. नवी जात सापडली की जुन्यांपासून तिला वेगळे दाखवायला वर्णनात आणखी शब्द घालावे लागत. १७५३च्या ग्रंथात लिनियसने लांब वर्णन ठेवले, पण समासात एक सुटसुटीत शब्द छापला. प्रजातीच्या नावाला जोडलेला हा एक शब्द वर्णन करण्याच्या ओझ्यातून मोकळा होता, म्हणूनच तो टिकला. टोमॅटोचे उदाहरण बोलके आहे. लिनियसने त्याला ‘सोलानम’ या प्रजातीत, बटाटा आणि वांगे यांच्या पंगतीला बसवले. फिलिप मिलरने १७५४ साली त्याला वेगळे काढून ‘लायकोपर्सिकॉन’ ही प्रजाती दिली आणि दोनशेहून अधिक वर्षे पाठ्यपुस्तकांतून तेच चालले. विसाव्या शतकाच्या अखेरीस डीएनएच्या तपासणीत टोमॅटो बटाट्याचा अगदी जवळचा नातेवाईक ठरला आणि तो ‘सोलानम’मध्ये परत आला. नाते अडीचशे वर्षांत बदलले नव्हते. बदलला तो आपला पुरावा, आणि त्यापाठोपाठ नाव.

यावर पहिला आक्षेप येतो तो रास्त आहे: नावे इतकी निरुपद्रवी नसतात. कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड याच्या पुढाकाराने अ‍ॅम्स्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात ‘हॉर्टस मलबारिकस’ या मलबारच्या वनस्पतींवरील ग्रंथाचे बारा खंड छापून निघाले, ते मलबारचे वैद्य इट्टी अच्युतन आणि रंग भट, विनायक पंडित, आपू भट या तीन कोंकणी वैद्यांच्या ज्ञानावर. कोंकणी वैद्यांचे नागरी लिपीतले साक्षपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे आणि वनस्पतींची देशी नावेही ग्रंथात आहेत. लिनियसने हा ग्रंथ वापरला. शास्त्रीय नामावलीत मात्र त्या वैद्यांची ओळख पुसट झाली. भारतीय वनस्पतींना त्यांची देशी नावेच राहावीत असे जोन्स यांचे मत होते, पण वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यांनी अशोक वृक्षाला जोन्स यांच्याच नावावरून ‘जोनेसिया’ म्हटले. पुढे अग्रक्रमाच्या नियमाने, म्हणजे आधी प्रसिद्ध झालेले नाव ग्राह्य धरून, ते नाव गेले. आज अशोक ‘साराका असोका’ आहे. हा आक्षेप मान्य केला तरी मूळ मुद्दा ढळत नाही, उलट पक्का होतो. नाव करारातून येत असेल, तर करार करायला कोण बसले होते हे विचारलेच पाहिजे. करार बदलताही येतो: २०२४ साली माद्रिदच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत मतदान होऊन आफ्रिकी लोकांचा अवमान करणारा एक शब्द दोनशेहून अधिक नावांतून बदलण्याचे ठरले. टोमॅटो कोणाचा नातेवाईक, हे मात्र मतदानाने ठरत नाही.

दुसरा आक्षेप संगणकाकडून येतो: तिथे मूळही माणसेच ठरवतात. हे खरे आहे. इंटरनेटच्या नामव्यवस्थेची आखणी पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली केली. तिच्यात प्रत्येक लेबल ६३ बाइटांपर्यंत असू शकते आणि सर्वांच्या वर असलेल्या मुळाचे लेबल चक्क रिकामे असते. त्या मुळाला कसलाही इतिहास नाही, नुसता अधिकार आहे. परंतु हाच संगणक जीवांची किंवा भाषांची वंशावळ मांडू लागला की फरक उघडा पडतो. चार नावांची दुफाट्यांची झाडे मूळ न धरता तीनच तऱ्हांनी काढता येतात. मूळ धरले की पंधरा होतात. या कामाच्या अनेक पद्धती बिनमुळाचेच झाड हाती देतात. मूळ कुठे बसवायचे ते ठरवायला सहसा गटाबाहेरचा एखादा दूरचा नातेवाईक तुलनेला घ्यावा लागतो. म्हणजे बाहेरून पुरावा आणल्याशिवाय गणितालाही मूळ सापडत नाही.

तिसरा आक्षेप झाडावरच आहे. ऑगस्ट श्लायशर यांनी १८५३ साली भाषांची वंशावळ झाडाच्या आकृतीत मांडली. त्यांचेच शिष्य योहानेस श्मिट यांनी १८७२ साली भाषिक बदल लाटांसारखे पसरतात असे प्रतिपादले. मराठीपुरते तरी श्मिट यांचे म्हणणे डावलता येत नाही. आपली भाषा भारतीय-आर्य कुळातली, पण ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतला भेद द्राविड शेजाराशी जोडला जातो. यातून मूळ शोधणे व्यर्थ ठरत नाही. एका भाषेची सगळी जमाबाकी एकाच मुळाच्या खात्यावर मांडता येत नाही, एवढेच ठरते.

मराठीत शास्त्र लिहिणाऱ्यांनी या इतिहासातून एक व्यवहार उचलावा. पारिभाषिक शब्द कोणता, यावर पिढ्यान्‌पिढ्या भांडू नये. एक शब्द ठरवावा, स्थानिक नाव त्याच्याशेजारी नोंदवावे, ते नाव कोणाकडून मिळाले तेही लिहावे आणि पुढे जावे. वाद घालायचाच असेल तर तो मुळाबद्दल घालावा, आणि तिथे पुराव्याशिवाय कोणाचेही ऐकू नये.