मांडुळाची ओळख आणि त्याचे मूळ ठिकाण

पुणे–सोलापूर महामार्गावरील कुरकुंभ हे गाव फिरंगाई देवीच्या देवळामुळे आणि अलीकडच्या काळात रासायनिक कारखान्यांच्या औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. तथापि दौंड आणि शिरूर तालुक्यांत पर्जन्यछायेतील जी कोरडी, मुरमाड, विरळ झुडपांची जमीन कालव्याच्या उसापलीकडे पसरलेली आहे, ती मांडूळ या सापाला मानवणाऱ्या प्रकारची आहे. भुसभुशीत मातीत शिरून राहणारा, प्रामुख्याने उंदीर-घुशी खाणारा, बिनविषारी आणि चालीने मंद असा हा साप धोका जाणवताच डोके वेटोळ्याखाली दडवतो आणि बोथट शेपूट पुढे करतो, त्यामुळे त्याला दोन तोंडे असल्याचा समज रूढ झाला. गारुड्यांनी शेपटीवर डोळ्या-तोंडाच्या खुणा कोरून तो समज पोसला. अशा पकडलेल्या सापाविषयी दोन प्रश्न उभे राहतात: तो नेमका कोणत्या जातीचा व उपजातीचा, आणि तो मूळचा कोठला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याच्या रीतीला सुमारे अडीचशे वर्षांचा इतिहास आहे, आणि दुसऱ्या प्रश्नाची अडचणही त्याच इतिहासातून समजते.

सापाच्या अंगावरचे रंग फसवे असतात, हे युरोपीय निसर्गशास्त्रज्ञांच्या लवकरच ध्यानात आले होते, कारण मद्यार्कात बुडवलेल्या नमुन्याचा रंग उडतो आणि जिवंत सापातही तो वयानुसार पालटतो. म्हणून लिनियसने १७५८ च्या आपल्या ग्रंथात सापांच्या जाती वेगळ्या करताना पोटावरील आडव्या खवल्यांची आणि शेपटीखालील खवल्यांची संख्या हा आधार घेतला. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत कोरोमंडल किनाऱ्यावर काम केलेल्या पॅट्रिक रसेल या वैद्याने १७९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय सापांवरील ग्रंथात हीच मोजणी स्थानिक नावे आणि रंगीत चित्रे यांच्या जोडीने दिली. घोणस या सापाच्या शास्त्रीय नावात आज ज्याचे नाव आहे तो हाच रसेल. मांडुळाचे ‘जॉनाय’ हे जातिनाम त्यानेच १८०१ मध्ये दिले. तरंगंबाडी येथील डॅनिश वसाहतीत राहणारा क्रिस्टोफ सॅम्युएल जॉन हा धर्मोपदेशक निसर्गाचे नमुने जमवून युरोपात पाठवीत असे, आणि त्याच्या सन्मानार्थ हे नाव ठेवले गेले. कुरकुंभच्या माळावरचा मांडूळ अशा रीतीने शास्त्राच्या वहीत एका तमिळ बंदराच्या पत्त्यावर नोंदला गेला. ‘एरिक्स’ हे प्रजातीचे नाव, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचे नाव, दोदँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८०३ मध्ये दिले.

मांडूळ आणि त्याचा जवळचा भाऊबंद दुरक्या घोणस यांच्यातील भेद या मोजणीच्या रीतीचा उपयोग चांगला दाखवतो. मांडुळाचे खवले गुळगुळीत व बारीक असतात, शरीराच्या मध्यावर त्यांच्या पन्नासाहून अधिक उभ्या रांगा भरतात, आणि शेपूट टोकापर्यंत जाड राहते. दुरक्या घोणसाच्या रांगा साधारणतः त्याहून कमी असून खवल्यांवर, विशेषतः शेपटीकडे, उंचवटे असतात, त्यामुळे हाताला खरखर लागते, आणि आखूड शेपूट एकदम निमुळती होते. पाठीवरील तपकिरी डागांमुळे या दुसऱ्या सापाला लोक विषारी घोणस किंवा अजगराचे पिल्लू समजतात. पहिल्या समजाने तो मारला जातो, दुसऱ्याने पकडला जातो. दोघांच्याही पोटावरचे खवले धामणीसारखे पोटाच्या पूर्ण रुंदीचे नसून अरुंद असतात. मांडुळाच्या पिल्लांच्या अंगावर काळसर आणि नारिंगी पट्टे असतात व ते वाढीबरोबर फिके पडतात, म्हणून केवळ रंग पाहणाऱ्याला एकाच जातीचे पिल्लू आणि प्रौढ हे दोन वेगळे साप वाटू शकतात. खवल्यांची ही विद्या ग्रंथालयाबाहेर आणण्याचे मोठे काम मुंबईत १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाने केले; लष्करी डॉक्टर फ्रँक वॉल यांनी त्यात सामान्य भारतीय सापांवर दीर्घ लेखमाला लिहिली.

जातीच्या पुढची पायरी उपजातीची. उपजात म्हणजे एकाच जातीतील, परंतु ठरावीक प्रदेशात राहणारा आणि तेथे काही स्थिर वेगळेपण आलेला समूह, आणि तिचे नाव तीन शब्दांचे असते. पक्ष्यांच्या प्रादेशिक रूपांसाठी अशी तीन शब्दी नावे १८४४ मध्येच वापरणाऱ्या हर्मन श्लेगेलने त्याआधी, १८३७ मध्ये, उत्तर अमेरिकेतील एका मोठ्या बिनविषारी सापाला ‘सेयी’ हे नाव दिले होते, आणि आज ते गोफर साप या जातीतील एका उपजातीचे नाव म्हणून सर्वत्र चालते. अमेरिकेत हा साप हौसेने पाळला जातो, आणि पाळणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न आपला साप कोणत्या उपजातीचा हाच असतो. पॅसिफिक किनारा, ग्रेट बेसिनचे वाळवंट, सोनोराचा प्रदेश, मधली गवताळ मैदाने अशा प्रदेशांवरून उपजाती पाडल्या आहेत. पण दोन प्रदेश जेथे भिडतात तेथे मिश्र लक्षणांचे साप मिळतात, आणि पिंजऱ्यात भिन्न उपजातींचे जोड लावले की डागांची संख्या व रंग यांवरून काढलेला निष्कर्ष कोसळतो. पकडल्याचे ठिकाण किंवा आईबापांची नोंद नसेल, तर अंगावरच्या खुणांना अर्थ उरत नाही, कारण उपजात हे मुळात ठिकाणाविषयीचेच विधान आहे.

मांडुळाबाबत हे अधिकच खरे आहे. निकोल्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १९०७ मध्ये इराणातील नमुन्यांवरून ‘पर्सिकस’ हे नाव दिले व ते पुढे मांडुळाची पश्चिमेकडील उपजात म्हणून वापरले गेले, पण अनेक अभ्यासक ती वेगळी मानत नाहीत. ती मानली तरी भारतातील मांडूळ एकाच नावाखाली राहतात, आणि तीन शब्दी नावावरून दौंडचा साप व राजस्थानचा साप वेगळे करता येत नाहीत.

बाजाराने मात्र या प्राण्याची मोजणी तराजूवर केली. गुप्तधन दाखवतो, पैशांचा पाऊस पाडतो, असाध्य रोग बरे करतो, अशा भाकडकथांच्या जोरावर मांडुळाचा सौदा वजनावर लाखांत आणि कोटींत सांगितला जातो, आणि महाराष्ट्रात पोलीस व वनविभाग यांनी अशा टोळ्या वारंवार पकडल्या आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मांडूळ पकडणे, बाळगणे व विकणे हा गुन्हा ठरवला आहे, आणि आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाचे नियंत्रण आहे. त्यामुळे अमेरिकी हौशी पाळणाऱ्याकडे असू शकते तशी जन्मनोंद येथे कायदेशीर रीतीने तयार होण्याचा प्रश्नच येत नाही. जप्त केलेल्या सापाची जात खवल्यांवरून सहज सिद्ध होते आणि खटल्याला तेवढे पुरते. तो कोणत्या माळावरून उचलला हे मात्र आरोपीच्या जबाबावर अवलंबून राहते, आणि मधल्या दलालांच्या साखळीत ते ठिकाण बहुधा आधीच हरवलेले असते. डीएनए तपासणीने मूळ प्रदेशाचा अंदाज काढायचा, तर तुलनेसाठी ठिकाण निश्चित असलेले नमुने आधी हवेत: कुरकुंभचे कुरकुंभ म्हणून नोंदलेले आणि शिरूरचे शिरूर म्हणून. ते नसल्यास न्यायालयाच्या परवानगीने साप योग्य दिसेल त्या अधिवासात सोडला जातो, आणि त्या जागी पुढे कधी नमुने घेणाऱ्या अभ्यासकाला तो तेथलाच मूळचा वाटतो.