चांदीचा रुपया (1835 ते 1943) : वितळण आणि संग्रह

चांदीच्या जुन्या नाण्यांच्या संग्रहाविषयी लिहिताना बहुधा दुर्मीळता व बाजारभाव यांचीच चर्चा केली जाते. संग्राहकाच्या हाती आलेला रुपया हा मुळात मुशीतून वाचलेला रुपया असतो, ही बाब त्या चर्चेत मागे पडते. शिल्लक नाण्यांवरून तत्कालीन चलनाचे स्वरूप जाणू पाहणाऱ्या अभ्यासकास मात्र ती दृष्टिआड करता येत नाही.

1835 च्या कायद्याने कंपनी सरकारने आपल्या सर्व मुलखासाठी एकच रुपया ठरविला. त्याचे वजन 180 ग्रेन, म्हणजे 11.66 ग्रॅम, व त्यात शुद्ध चांदी 165 ग्रेन होती. हेच वजन तोळ्याचे असल्याने रुपया तराजूतही चालला. 'रुपयाभार' हा शब्द त्याचीच खूण होय. 1840 पासून नाण्यावर व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा आला आणि महाराष्ट्रात 'राणीछाप' हे नाव रूढ झाले. 1862 चा रुपया विशेष लक्षणीय आहे. पुढे 1874 पर्यंत नाण्यावर 1862 हेच साल कायम राहिले. मुंबईच्या टांकसाळीने वर्षांची खूण म्हणून बारीक ठिपके दिले. वरवर सारखी दिसणारी ही नाणी भिंगाखाली वेगळी ठरतात, आणि या ठिपक्यांची वर्गवारी करण्याचे बरेचसे काम हौशी संग्राहकांनीच केले आहे, हे प्राध्यापकवर्गाने मान्य करावयास हवे.

1893 मध्ये खासगी चांदीपासून नाणी पाडून देण्यास टांकसाळी बंद झाल्या. तेव्हापासून रुपयाचे मूल्य त्यातील चांदीपेक्षा अधिक राहिले. पहिल्या महायुद्धात हे गणित उलटले. चांदी महागली, रुपये वितळविणे किफायतशीर ठरू लागले. 1917 मध्ये सरकारला त्यावर बंदी घालावी लागली व त्याच वर्षी एक रुपयाची कागदी नोट निघाली. चांदीचा तुटवडा इतका होता की 1918 च्या पिटमन कायद्यान्वये अमेरिकेने आपले सुमारे 27 कोटी चांदीचे डॉलर वितळविले आणि त्यातील बहुतेक चांदी भारतीय नाण्यांसाठी ब्रिटनला विकली. त्या काळच्या रुपयात अमेरिकी डॉलरची धातू मिसळलेली आहे, हे संग्राहकाच्या डब्यातील नाणे पाहून कळत नाही.

दुसऱ्या महायुद्धात सरकारनेच वितळण आरंभिली. 1940 पासून रुपयातील चांदी निम्म्यावर आली आणि 1941 ते 1943 या काळात व्हिक्टोरिया, एडवर्ड व पंचम जॉर्ज यांचे जुने रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून बाद केले गेले. याखेरीज अमेरिकेकडून 22.6 कोटी औंस चांदी उसनी आली. तिच्या परतफेडीसाठी स्वातंत्र्यानंतर निम्म्या चांदीची नाणीही गोळा करून शुद्ध करण्यात आली. तोवर, 1947 मध्ये, निकेलचा रुपया आला होता. या उलथापालथीत 1939 चा पूर्ण चांदीचा रुपया इतका विरळ झाला की आज त्याच्या बनावट प्रतीच अधिक भेटतात. 1911 च्या रुपयाचे कारण मात्र निराळे. राजाच्या झग्यावरील हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, म्हणून बहुतेक नाणी वितळविली गेली.

सरकारी मुशीतून वाचलेले रुपये मुख्यतः घरांत वाचले. लक्ष्मीपूजनाच्या तबकात, देवघराच्या डबीत, आणि कडी लावून गळ्यातील माळेत. संग्रहाच्या बाजारात कडीचा रुपया 'खराब' मानला जातो व त्याची किंमत चांदीच्या वजनाइतकीच उतरते. परिणामी तो सोनाराकडे जातो. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांवरील नाणे पुरावस्तू ठरते व ते खासगीरीत्या परदेशी नेता येत नाही. 1922 पर्यंतचे सर्व रुपये आता या मर्यादेत आले आहेत. परंतु या निर्यातबंदीने गावातील सोनाराच्या मुशीला अटकाव होत नाही. स्त्रियांच्या बचतीचा, रुपया अंगावर बाळगण्याच्या रीतीचा पुरावा त्या कडीच्या डागातच असतो, आणि संग्राहकाने नाकारलेली हीच नाणी सर्वांत आधी वितळतात.