बनगावचे ग्लुकोजपाणी
१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये आले आणि सीमेजवळच्या बनगावात पटकीने थैमान घातले. या रोगात माणूस दगावतो तो शरीर कोरडे पडल्याने. जुलाबांतून काही तासांत कित्येक लिटर पाणी आणि क्षार निघून जातात, नाडी हाताला लागेनाशी होते. उपाय एकच होता, शिरेतून सलाइन. आणि त्याचाच साठा संपत आलेला.

तिथे रुग्णांवर उपचार करणाऱ्या डॉ. दिलीप महालनबीस यांनी मग द्रावण तोंडानेच पाजायचे ठरवले. लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा. पुड्या कोलकात्यात भरल्या, छावणीत पिंपांना तोट्या लावल्या आणि पाजायचे काम चक्क रुग्णांच्या नातलगांवर सोपवले!

हे धाडस आंधळे नव्हते. आतड्याच्या पेशी ग्लुकोज घेताना सोडियमही आत ओढतात, त्यामागोमाग पाणी जाते. रॉबर्ट क्रेन यांनी ही यंत्रणा १९६० मध्येच मांडली होती. नुसते मीठपाणी म्हणूनच पुरे पडत नसे.

मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. सरकारने मात्र महालनबीसांना पद्मविभूषण दिले ते २०२३ मध्ये, मरणोत्तर.